खाणीआधीचे शिवार कोणी लिहायचे?

विदर्भात एखाद्या नव्या कोळसा खाणीची किंवा जुन्या खाणीच्या विस्ताराची बातमी आली की वाद ठरलेल्या वाटेने सुरू होतो. एक बाजू विजेची गरज, रोजगार आणि देशाचा विकास पुढे करते; दुसरी बाजू जल, जंगल, जमीन यांच्या नावाने उभी राहते. सभा होतात, निवेदने दिली जातात आणि जनसुनावणीच्या दिवशी मंडपात गोंधळ होऊन सगळे घरी जातात. या गदारोळात एका साध्या प्रश्नाचे उत्तर मात्र कोणाकडेच नसते. आज त्या शिवारात नेमके काय चालते? कोणती जमीन कोण कसतो, कोणाची गुरे कोणत्या महिन्यात कुठे चरतात, कोणती विहीर वैशाखात आटते आणि कोणती आटत नाही, तळ्यातली मासळी कोण धरतो? कंपनीच्या अहवालात याचे उत्तर एका छोट्या तक्त्यात उरकलेले असते आणि विरोधकांच्या पत्रकात ‘आमची सुपीक काळी माय’ एवढ्या शब्दांत. खाण व्हावी की नको, यावर तावातावाने भांडणाऱ्या दोन्ही बाजूंना ज्याच्यावरून भांडण आहे त्या शिवाराची तपशीलवार ओळख नसावी, हे या वादाचे सर्वांत मोठे वैगुण्य आहे.

माझी भूमिका सुरुवातीलाच सांगतो. खाणीचा निर्णय होण्याआधी, आणि शक्य तर कोळसाधारक क्षेत्र (संपादन व विकास) अधिनियम, १९५७ याखालची पहिली अधिसूचना निघण्याच्याही आधी, त्या क्षेत्रातल्या प्रत्येक गावाच्या जमिनीच्या प्रत्यक्ष वापराची किमान एका पूर्ण कृषिवर्षाची नोंद झाली पाहिजे. ती ग्रामसभेच्या पुढाकाराने व्हावी, तिची पडताळणी प्रकल्पाशी संबंध नसलेल्या यंत्रणेने करावी, आणि मोबदला, पुनर्वसन व खाण संपल्यानंतरची जमिनीची पुनर्स्थापना या तिन्ही वेळी ती पुरावा म्हणून ग्राह्य धरली जावी. अशी नोंद म्हणजे खाणीला संमती नव्हे आणि विरोधही नव्हे. या भूमिकेवर दोन्ही बाजू नाराज होतात. समर्थकांना ती वेळकाढूपणा वाटते, विरोधकांना शरणागतीची पहिली पायरी. दोघांचेही आक्षेप पोकळ नाहीत, म्हणून ते नीट तपासणे भाग आहे.

समर्थकांचा पहिला आक्षेप असा की नोंदी आधीच भरपूर आहेत. हे खरे आहे. गाव नमुना सातमध्ये हक्कांची आणि गाव नमुना बारामध्ये पिकांची नोंद असते; १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच्या गटात उभा राहून पिकाचे छायाचित्र नोंदवतो. राष्ट्रीय दूरसंवेदन केंद्राने १:५०,००० या प्रमाणावर देशभराचे भूवापराचे नकाशे तयार केले आहेत. सेंटिनेल-२ उपग्रहाची दहा मीटर तपशिलाची चित्रे २०१५ पासून कोणालाही विनामूल्य पाहता येतात. शिवाय २००६ च्या पर्यावरण आघात अधिसूचनेप्रमाणे मोठ्या खाणीसाठी भोवतालच्या दहा किलोमीटरच्या परिघाचा अभ्यास होतो आणि त्यात खाणीपूर्वी, खाण चालू असताना व खाणीनंतर जमीन कशी वापरली जाईल याचा आराखडा द्यावाच लागतो. एवढे सगळे असताना आणखी एका नोंदवहीचा अट्टहास कशासाठी?

या प्रत्येक नोंदीने कोणता प्रश्न विचारला होता, ते पाहिले की याचे उत्तर मिळते. सातबारा महसुलासाठी जन्माला आला. जमीन कोणाच्या नावावर आहे हे तो सांगतो, पण ती बटईने, म्हणजे पिकात वाटा देऊन, किंवा ठेक्याने कोण कसतो हे त्यात सहसा येत नाही, कारण कुळकायद्याच्या धास्तीने मालक ते नाव येऊच देत नाही. धुऱ्यावरचे गवत कापून नेणारा शेजारी, बांधावरच्या मोहाची फुले वेचणारी भूमिहीन बाई, कापूस निघाल्यावर पऱ्हाटीत शेळ्या सोडणारे कुटुंब, यांना तर सातबाऱ्यात रकानाच नाही. उपग्रह जमिनीवरचे आवरण पाहतो. तिचा वापर त्याला दिसत नाही. दाट झुडपाचा हिरवा तुकडा वरून सगळीकडे सारखाच दिसतो, मग खाली कोणाचे सरण असो, कोणाचे कुरण असो, वा देवाचे ठाणे असो.

आघात अहवालाची गोष्ट आणखी वेगळी आहे आणि तिथे जरा थांबले पाहिजे. खाणप्रकल्पांसाठी पर्यावरण मंत्रालयाने ठरवलेल्या प्रमाण कार्यकक्षेनुसार हवा, पाणी, माती, वनस्पती आणि प्राणी यांची पायाभूत माहिती एका ऋतूची घ्यायची असते, आणि तो ऋतू पावसाळा सोडून दुसरा कोणताही असू शकतो. ज्या प्रदेशातली बहुतांश शेती पावसावर चालते, तिथे पायाभूत माहिती पावसाळा वगळून गोळा करायची, यातला विरोधाभास कोणाला खटकत कसा नाही? वणी, वरोरा, भद्रावती या पट्ट्यातल्या कोरडवाहू काळ्या जमिनीतला कापूस फेब्रुवारीपर्यंत संपतो. मार्च ते मे या महिन्यांत तिथे गेलेल्या सर्वेक्षकाला दिसते ते उघडे, भेगाळलेले रान. उलट हरभऱ्यासाठी राखून ठेवलेले रान ऐन ऑगस्टमध्ये रिकामे दिसते आणि डिसेंबरमध्ये हिरवे. पूर्वेकडे धानाच्या बांध्यांत पीक कापणीला येण्याआधीच लाखोळी या कडधान्याचे बी फेकलेले असते. एकाच बांधीत दोन पिके एकमेकांच्या पायात पाय घालून उभी असतात, मग तिची नोंद एकपिकी करायची की दुपिकी? मालगुजारांच्या काळातल्या जुन्या गावतलावाचे, म्हणजे माजी मालगुजारी तलावाचे पोट पावसाळ्यात पाणी असते, हिवाळ्यात ढीवरांची मासेमारी असते आणि उन्हाळ्यात गुरांचे चराईचे रान असते. नदीपात्रातल्या टरबूज-खरबुजांच्या डांगरवाड्या पाणी ओसरल्यावर मांडल्या जातात आणि पहिल्या पुरात पुसल्या जातात. मेंढपाळांचे कळप ठरलेल्या काळात येऊन शेतात बसतात आणि निघून जातात. त्यांच्या खतावर पुढचे पीक पोसते, पण कोणत्याही नकाशावर ते मुक्काम नसतात. यातले काहीही अपवादात्मक नाही, हीच तिथली शेती आहे. तिचे वर्षचक्र कापून त्यातल्या एका तुकड्याला आपण ‘विद्यमान भूवापर’ म्हणतो आणि त्या तुकड्यावर पुढच्या तीस वर्षांचे निर्णय उभे करतो.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. हा अहवाल ज्या सल्लागार संस्थेकडून होतो तिचे मानधन प्रकल्प उभारणारी कंपनीच देते. सल्लागार अप्रामाणिक असतात असे माझे म्हणणे नाही. पण ज्याला जमीन हवी आहे त्याच्याच खर्चाने त्या जमिनीचे मोल ठरावे, ही रचना कोणत्याही दिवाणी वादात आपण मान्य केली नसती.

आता विरोधकांकडे वळतो, कारण त्यांचा आक्षेप अधिक खोल आहे. ते म्हणतात, मोजणी हीच संपादनाची सुरुवात असते. एकदा माणसे मोजली, झाडे मोजली, विहिरी मोजल्या की गावातला प्रत्येक जण मनातल्या मनात रकमेचा हिशेब मांडू लागतो आणि एकजूट मोडते. १९५७ च्या कायद्याच्या कलम ४ ची अधिसूचना निघाली की अधिकाऱ्यांना शिवारात शिरण्याचा, सर्वेक्षण करण्याचा आणि भोके पाडण्याचा अधिकार मिळतो. म्हणून ‘मोजणी होऊ देणार नाही’ ही घोषणा गावकऱ्यांच्या हातातले जवळपास एकमेव हत्यार आहे. शिवाय मोजणीचा इतिहास शंका घ्यावी असाच आहे. १८३० च्या सुमारास पुणे प्रांतात प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याने जमिनीची मोठी पाहणी केली. शेताचे निव्वळ उत्पन्न काढून त्यावर सारा ठरवायचा, असा त्याचा सिद्धान्त होता आणि कागदावर तो निर्दोष होता. पण पायाभूत आकडे चुकीचे होते, खालच्या कामगारांनी ते मनासारखे फिरवले होते, आणि आकारलेला सारा पेलवेना म्हणून इंदापूर भागात शेतकऱ्यांनी जमिनी टाकून दिल्या. मोजणारा आणि घेणारा एकच असला की काय होते याचे हे आपल्याच मातीतले उदाहरण आहे.

हे सगळे मला मान्य आहे. तरीही त्यातून निघणारा निष्कर्ष मान्य नाही. प्रिंगलच्या अपयशावर उपाय म्हणून पाहणीच बंद झाली नाही; गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३६ पासून त्याच इंदापुरात सोपे निकष लावून ती नव्याने केली. त्यांची व्यवस्थाही वसाहतीच्या तिजोरीसाठीच होती, हे विसरण्याचे कारण नाही. मुद्दा एवढाच की वाईट नोंदीला उत्तर म्हणून नोंदच न ठेवणे हा पर्याय त्या काळीही कोणाला उपलब्ध नव्हता आणि आजही नाही. गावाने मोजणी नाकारली म्हणून जमीन नोंदीविना राहत नाही. सातबारा असतो, उपग्रहाचे चित्र असते, कार्यालयात बसून केलेला तक्ता असतो. गावाच्या नकाराचा प्रत्यक्ष परिणाम इतकाच होतो की गावाची स्वतःची नोंद तेवढी तयार होत नाही आणि दुसऱ्याने केलेली एकमेव नोंद पुरावा ठरते.

मुळशीचा दाखला या संदर्भात नेहमी दिला जातो. १६ एप्रिल १९२१ रोजी सुरू झालेल्या त्या धरणविरोधी सत्याग्रहाची ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा आजही अंगावर काटा आणते. पण त्या लढ्यातली दुसरी बाजू आपण फारशी आठवत नाही. धरणाखाली जाणाऱ्या जमिनी मावळ्यांच्या कसण्यातल्या होत्या, तरी त्यांतल्या बऱ्याचशा कागदावर सावकारांच्या नावे होत्या. सावकाराला रोख मोबदला परवडत होता. कसणाऱ्याला जमीन हवी होती. कागद सावकाराच्या बाजूने बोलला. आज खाणपट्ट्यातल्या बटईदाराची स्थिती याहून फार वेगळी आहे का?

नोंदीवाचून काय घडते हे २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या संदर्भात तर लख्ख दिसते. त्या कायद्याने ‘बाधित कुटुंब’ या व्याख्येत जमीनमालकासोबत शेतमजूर, कूळ, बटईदार, कारागीर यांनाही घेतले, अट एवढीच की संपादनापूर्वी तीन वर्षे त्यांची उपजीविका त्या क्षेत्रावर असली पाहिजे. जंगल आणि पाणवठे यांवर जगणारे, मासेमार, नावाडी हेही त्यात आले. हे सगळे शोधून काढण्यासाठी कायद्याने सामाजिक परिणाम निर्धारणाची प्रक्रिया ठेवली. परंतु कोळसाधारक क्षेत्राचा कायदा चौथ्या अनुसूचीत टाकून या प्रक्रियेतून बाहेर ठेवला गेला. ऑगस्ट २०१५ च्या केंद्र सरकारच्या आदेशाने मोबदला, पुनर्वसन आणि सोयीसुविधा यांच्या तरतुदी या कायद्यालाही लागू झाल्या. सामाजिक परिणाम निर्धारण मात्र लागू झाले नाही. म्हणजे भूमिहीनाला हक्क दिला, पण तो भूमिहीन कोण हे शोधण्याची जबाबदारी कोणावरच टाकली नाही. तीन वर्षे आपण अमक्याच्या शेतात राबत होतो, तमक्या तळ्यात जाळे टाकत होतो, हे तो कशाने सिद्ध करणार? कोल इंडियाच्या २०१२ च्या पुनर्वसन धोरणात दोन एकरांमागे एक नोकरी असे सूत्र आहे. मालकाकडे निदान एकरांचा हिशेब आहे. राबणाऱ्याकडे तोही नाही. ‘मोजणी होऊ देणार नाही’ या घोषणेची सर्वांत मोठी किंमत तोच मोजतो, आणि घोषणा देणाऱ्यांच्या पहिल्या रांगेत तो क्वचितच असतो.

नियमगिरीचा विजयही इथे आठवला पाहिजे, कारण विरोधक तो आपल्या बाजूचा मानतात. ओडिशातल्या त्या बॉक्साइट प्रकल्पात सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी वनहक्कांचे आणि धार्मिक-सांस्कृतिक हक्कांचे दावे ग्रामसभांपुढे ठेवायला सांगितले आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी खाण नाकारली. त्या गावांनी आपला वापर लपवला नव्हता. डोंगराशी असलेले आपले नाते त्यांनी अधिकृत सभेत, अधिकृत इतिवृत्तात बोलून दाखवले, आणि ते कागदावर आले म्हणूनच खाणीच्या आड आले.

समर्थकांचा दुसरा आक्षेप मात्र टोकदार आहे. ते म्हणतात, नोंद करायला घेतली की खोटे दावे उगवतात. खाणीची कुणकुण लागताच रातोरात शेतात झोपड्या उभ्या राहतात, फळझाडांची रोपे दाटीने लावली जातात, विहिरींचे खड्डे खणले जातात, वाटणीपत्रे करून दोन एकरांचे हिस्से पाडले जातात. हे घडते, ते नाकारण्यात अर्थ नाही, आणि त्यात गावातले गरीबच असतात असेही नाही; बाहेरून आधीच जमिनी घेऊन ठेवणारे यात सर्वांत तरबेज असतात. पण नीट पाहिले तर हा आक्षेप नोंदीच्या विरोधात जातो, की उशिरा होणाऱ्या नोंदीच्या? खाणीची बातमी फुटल्यानंतर पंचनामे सुरू करायचे आणि मग लोक लबाडी करतात म्हणायचे, यात दोष पंचनाम्याच्या वेळेचा आहे. अमेरिकेने १९७७ साली उघड्या कोळसा खाणींसाठी कायदा केला तेव्हा या अडचणीचा विचार झाला होता. तिथल्या नियमांनुसार खाणीच्या अर्जात जमिनीचा सध्याचा वापर द्यावा लागतोच. शिवाय अर्जाआधीच्या पाच वर्षांत तो बदलला असेल तर पूर्वीचा वापरही सांगावा लागतो. आपल्याकडे तर जुनी उपग्रह चित्रे, पीक पाहणीच्या जुन्या नोंदी आणि गावातल्या वृद्धांची साक्ष असे तीन वेगवेगळे साक्षीदार आहेत. तिघांची एकमेकांशी गाठ घातली की कालची झोपडी आणि चाळीस वर्षांची वस्ती यांत फरक करणे अवघड नाही.

वृद्धांच्या साक्षीचा उल्लेख ऐकून काहींना हसू येईल. वनहक्क कायद्याच्या नियमांत दावेदार नसलेल्या ज्येष्ठांचे लेखी जबाब, घरांच्या जोत्यांच्या आणि विहिरींच्या खुणा, दफनभूमी, जुने गॅझेटियर, उपग्रह चित्रे हे सारे पुरावे म्हणून एकाच यादीत आले आहेत, हे त्यांनी पाहावे.

यापुढचा प्रश्न अधिक अस्वस्थ करणारा आहे. संपादनाने जमीन एकदा सरकारकडे आणि तिथून सरकारी कंपनीकडे गेली की ती गावाकडे परत येत नाही. एप्रिल २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या धोरणानुसार कोळसा काढून झालेल्या किंवा त्यास अयोग्य ठरलेल्या अशा जमिनी ऊर्जेशी संबंधित इतर उभारणीसाठी भाड्याने देता येतात. मालकी कंपनीचीच राहते. मग जी जमीन परत मिळायचीच नाही तिचा जुना वापर लिहून काय साधणार? हा प्रश्न मी सर्वांत बळकट मानतो, कारण तो निराशेतून आलेला आहे आणि निराशेला आधार आहे.

तरीही दोन गोष्टी उरतात. पहिली, खाणीचा परिणाम खाणीच्या कुंपणाशी थांबत नाही. उघडी खाण खोल जाते तसे तिच्यातले पाणी सतत उपसावे लागते आणि भोवतालच्या विहिरींची पातळी खाली जाते. सुरुंगांनी घरांच्या भिंतींना तडे गेल्याच्या, रस्त्याकडेच्या कापसावर कोळशाची धूळ बसून बोंड काळवंडल्याच्या आणि भाव पडल्याच्या तक्रारी घुग्गुस-वणी पट्ट्यात नित्याच्या आहेत. या शेतकऱ्यांची जमीन कोणी घेतलेली नाही, म्हणून त्यांना मोबदलाही नाही. ते तक्रार करतात तेव्हा त्यांना विचारले जाते की विहीर आधी आटत नव्हती कशावरून, भिंत आधी चिरलेली नव्हती कशावरून? खाणीआधी वर्षभर दर महिन्याला मोजलेल्या पाणीपातळीचा साधा तक्ता असता तर हा प्रश्न एका मिनिटात संपला असता.

दुसरी गोष्ट, पुनर्स्थापना झाली असे म्हणायला मापदंड कोणता? सध्या कोळसा कंपन्यांच्या पुनर्स्थापित जमिनीवर उपग्रहाने देखरेख होते आणि ढिगाऱ्यांवर झाडे लागली की ती जमीन हिरवी म्हणून मोजली जाते. वृक्षारोपण वाईट नाही. परंतु जिथे पूर्वी गावाची गुरे चरत होती तिथे आता कुंपणाआड झाडे असतील, तर गावाच्या दृष्टीने तो भूवापर परत आला का? सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये खाणपट्ट्यांच्या अटींत एक भर घालायला सांगितली की खाण संपल्यावर जमिनीवर पुन्हा गवत लावून ती चारा, वनस्पती आणि प्राणी यांना योग्य करावी. चारा हा शब्द न्यायालयाने सहज वापरलेला नाही. पण कोणत्या गावाचा किती चारा बुडाला याची नोंदच नसेल, तर ही अट पाळली गेली की नाही हे कोण ठरवणार? अमेरिकेच्या त्याच १९७७ च्या कायद्याने जमीन पूर्वीच्या वापरांना पेलेल अशा किंवा त्याहून चांगल्या स्थितीत आणण्याचे बंधन घातले. तिथेही ‘अधिक चांगला वापर’ या शब्दांच्या आडून ॲपलाचिया या तिथल्या डोंगराळ कोळसापट्ट्यातले डोंगरमाथे सपाट झाले, याची कबुली दिली पाहिजे. कागदाने खाणमालक सज्जन होत नाही. मात्र दिलेला शब्द पाळला गेला नाही, असे म्हणायला तिथल्या लोकांपाशी आधी काय होते याचा दाखला होता.

नोंदीचा एक धोका असाही आहे ज्याची चर्चा दोन्ही बाजू करत नाहीत: चुकीची नोंद न-नोंदीपेक्षा दीर्घायुषी असते. पूर्व विदर्भातल्या झुडपी जंगलांचे प्रकरण समोर आहे. जुन्या महसुली दप्तरात ‘झुडपी जंगल’ असा शेरा पडलेल्या सुमारे ८६ हजार हेक्टर जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या चराई झाली, वस्त्या झाल्या, शाळा आणि कार्यालये उभी राहिली. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती जमीन वनच असल्याचे स्पष्ट केले आणि १२ डिसेंबर १९९६ पूर्वीच्या वाटपांना संरक्षण देण्यासाठी वेगळी प्रक्रिया आखून दिली. निकाल बरोबर की चूक हा इथला विषय नाही. शेरा आणि वापर यांच्यातले अंतर वेळीच लिहून ठेवले नाही की ते कित्येक दशकांनी न्यायालयात मोजावे लागते, एवढे त्यातून दिसते. म्हणूनच घाईने, एकाच नमुन्यात, कंत्राटदाराकडून भरून घेतलेली नोंदवही मला नको आहे. लोकजैवविविधता नोंदवह्यांची कल्पना किती सुंदर होती, आणि मुदत गाठण्याच्या दबावाखाली कितीतरी ठिकाणी तिचे नुसते रकाने भरणे झाले! तसेच, ग्रामसभेने नोंद केली म्हणजे ती आपोआप न्याय्य होते असेही मी मानत नाही. गावातही सावकार असतो, पाटील असतो. बायकांचा चारा-सरपणाचा वापर पुरुषांच्या सभेत सुटून जातो, आणि पाहुण्या मेंढपाळाची बाजू मांडायला तर सभेत कोणीच नसते. त्यामुळे स्त्रियांची शिवारफेरी वेगळी हवी, हंगामी येणाऱ्यांचे जबाब त्यांच्या मुक्कामावर जाऊन घ्यायला हवेत, आणि कृषी विद्यापीठ किंवा भूजल सर्वेक्षण यंत्रणेसारख्या त्रयस्थाने काही गटांची अचानक तपासणी करायला हवी. विदर्भातल्या गावांपाशी यासाठी एक जुना पाया आहेही: निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज. गावाची गुरे, सरपण, वाटा आणि पाणी यांचे रिवाज सरकारी दप्तरात लिहिण्याची ही पद्धत महसूल संहितेतही टिकून आहे. ती दप्तरे धूळ खात पडली आहेत. ती उघडून तिथून सुरुवात करता येईल.

राहता राहिला वेळेचा मुद्दा. २०२४-२५ मध्ये देशाचे कोळसा उत्पादन १०० कोटी टनांच्या पुढे गेले आणि विजेचा मोठा हिस्सा अजून कोळशावरच आहे. खाणी अडकून पडल्या तर त्याचा चटका सर्वांना बसतो, हे खरे आहे. पण नोंदीमुळे किती वेळ जातो? कलम ४ च्या अधिसूचनेनंतर संपादनाचा इरादा जाहीर करणारी कलम ७ ची अधिसूचना काढायला कायद्याने दोन वर्षे आणि आणखी एक वर्ष वाढीव दिले आहे. या काळात शिवारात भोके पाडली जातात, जमिनीखालचे थर सेंटिमीटरच्या हिशेबाने नोंदवले जातात, कोळशाची जाडी, राख, उष्मांक सगळे तपासले जाते. त्या भोकाच्या तोंडाशी जी जमीन आहे तिच्यावर वर्षभरात काय पिकते आणि कोण जगते, हे लिहायला याच काळात एक खरीप, एक रब्बी आणि एक उन्हाळा सहज मिळतो.

आणि तो मिळाला नाही तर काय होते, हेही कायद्यातच आहे. कलम ७ च्या अधिसूचनेनंतर हितसंबंधी व्यक्तीला हरकत घ्यायला कलम ८ तीस दिवस देते. ज्या गावापाशी भरलेली, पडताळलेली नोंदवही आहे, तिची एक प्रत तहसीलला आणि एक कंपनीला आधीच पोचलेली आहे, ते गाव या तीस दिवसांत गटवार हरकती मांडू शकते आणि कोणता पाणवठा, कोणते गायरान वगळावे हे बोट ठेवून सांगू शकते. ज्या गावापाशी ती नाही, त्याचे तीस दिवस तलाठी कार्यालयाच्या रांगेत उतारे काढण्यात जातात, आणि त्या उताऱ्यांत बटईदार नसतो, ढीवर नसतो, मेंढपाळ तर नसतोच.